लाह

महाराष्ट्राच्या नकाशात वायव्येच्या कोपऱ्याला नंदुरबार जिल्हा आहे. पूर्वी हा मुलूख पश्चिम खानदेशात मोडत असे. पुढे तो धुळे जिल्ह्यात आला, आणि १ जुलै १९९८ रोजी त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्ह्यातून तापी वाहते आणि त्याच्या उत्तर सीमेवरून नर्मदा जाते. या दोन नद्यांच्या मधोमध सातपुड्याच्या रांगा एकीमागून एक उभ्या आहेत. २०११ च्या शिरगणतीत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे साडेसोळा लक्ष भरली. तीत शंभरांपैकी सुमारे ६९ माणसे आदिवासी होती. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी अशा त्यांच्या निरनिराळ्या जमाती आहेत.

तापीकाठची शहादा-तळोद्याकडील जमीन काळी व सपाट आहे. तेथे ऊस, कापूस, केळी व पपई पिकतात. परंतु शहाद्याहून किंवा तळोद्याहून घाट चढून धडगावच्या बाजूस जाऊ लागले, की सगळा देखावा पालटतो. रस्ता वळणे घेत वर जातो, सपाटी संपते आणि जिकडे पाहावे तिकडे टेकड्याच टेकड्या दिसू लागतात. हाच अक्राणी तालुका. जुन्या कागदपत्रांत याला ‘अक्राणी महाल’ म्हणत. तोरणमाळचे पठार आणि दिवाळीच्या सुमारास जेथे यात्रेकरू रात्रीच्या अंधारात चढून जातात ते अस्तंभ्याचे शिखर, ही दोन्ही याच तालुक्यात आहेत.

गाव म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे वेस, पार, देऊळ, चावडी आणि भिंतीला भिंत लागून असलेली घरे उभी राहतात. सातपुड्यातील गाव तसे नसते. येथे ज्याचे शेत त्याचे घर शेतातच. एका टेकडीच्या उतारावर चार घरे, ओढ्याच्या पलीकडे सहा, आणि त्यांच्यावरच्या माळावर आणखी दोन-तीन. अशा पुंजक्यास पाडा म्हणतात, आणि असे कित्येक पाडे मिळून एक गाव होते. काही गावांचा विस्तार इतका असतो, की एका टोकाच्या पाड्यावरून दुसऱ्या टोकाला जाऊन यावयाचे म्हणजे अर्धा दिवस मोडावा. शेजारी हाकेच्या अंतरावर असतो खरा, पण ती हाक टेकडीवरून टेकडीवर घालावी लागते.

इतक्या विखुरलेल्या वस्तीत माणसे एकमेकांना धरून राहतात ती कशाच्या आधारावर? गावात पाटील असतो, देवकार्य करणारा पुजारा असतो, तंटे मिटविण्यासाठी पंच बसतात. हे सर्व आहेच. परंतु रोजच्या जगण्यात पाड्याला पाडा जोडणारी गोष्ट निराळीच आहे. तिला तेथील लोक ‘लाह’ म्हणतात.

एका घराचे काम त्या घरच्या माणसांच्या हातून उरकण्यासारखे नसले, म्हणजे इतर घरांनी येऊन ते करून द्यावे. कामाचे पैसे घेऊ नयेत. ज्याचे काम असेल त्याने आलेल्यांना जेवू घालावे. आणि पुढे त्यांच्यापैकी कोणाचे काम निघाले, की आपणही जावे. लाह ती एवढीच. हे कोठे लिहून ठेवलेले नाही. परंतु डोंगरातील शेती, घर आणि सरपण या सर्वांचा डोलारा पिढ्यान् पिढ्या तिच्यावर उभा आहे.

तेथील वर्षभराच्या कामांकडे पाहिले, म्हणजे लाहेची गरज ध्यानात येते. मृगाचा पाऊस पडला, की उतारावरच्या शेतांत ज्वारी, मका, तूर, उडीद, भुईमूग यांचा पेरा होतो. डोंगरउताराची जमीन ती. तेथे पाऊस कमी-अधिक झाला, की एखादे पीक हमखास हातचे जाते. म्हणून शेतकरी एकाच शेतात दोन-तीन पिके मिसळून घेतो. एक गेले तर दुसरे राहते. पीक वीतभर वाढते न वाढते तोच तण माजते. या दिवसांत निंदणीला उशीर झाला तर वर्षाचे धान्य बुडाले असे समजावे. घरात मोठी माणसे दोन, शेत चार एकरांचे, आणि पाऊस तर थांबत नाही; अशा वेळी दहा-बारा जणी-जण रांगेने शेतात बसले, की एका दिवसात शेत निघते. दुसऱ्या दिवशी तीच रांग दुसऱ्याच्या शेतात दिसते. निंदणीच्या लाहेत बायकांचा वाटा मोठा असतो, आणि पुष्कळदा गाणीही चालू असतात.

परंतु लाहेचे खरे रूप पाहावयाचे, तर ते नवे घर उभे राहताना. हे काम पिके निघाल्यावर, कोरड्या दिवसांत करतात. कारण उघड आहे. त्या वेळी शेतात काम नसते, आणि आलेल्यांना वाढण्यापुरते धान्य कणगीत असते. ज्याच्या घरी कणगी रिकामी, त्याला लाह बोलावण्याचा संकोच वाटतो. फुकट कामाची ही रीत यजमानाला अगदीच फुकट पडत नाही, हे विसरता कामा नये.

दिवस ठरला, की घरातले एखादे पोर निरोप घेऊन निघते. ओढे ओलांडीत, टेकड्या चढत ते पाड्यापाड्यावर जाते आणि दारात उभे राहून सांगते, “परवा आमच्याकडे लाह आहे.” यापेक्षा अधिक बोलण्याची गरज नसते. परवाच्या दिवशी उजाडताच खांद्यावर कुऱ्हाड, हातात विळा किंवा पहार घेऊन पायवाटांनी माणसे उतरू लागतात. साधारणपणे घरटी एक माणूस येतो. हत्यार ज्याचे त्याने आणावयाचे असते.

येथील घर ऐसपैस असते. त्यात माणसांप्रमाणेच गाई-बैल व शेळ्या यांनाही जागा असते, आणि धान्याच्या कणग्याही आतच. सागाचे जाड खांब हा त्याचा सांगाडा. प्रथम खांबांसाठी खड्डे खणतात, मग खांब उभे करून त्यांवर तुळया चढवितात. सर्वांत अवघड काम आढ्याचे. छपराचा सगळा भार ज्यावर यावयाचा, ते लांब व वजनदार लाकूड डोक्याच्याही वर उचलून नेमके खांबांच्या टोकांवर बसवावयाचे असते. येथे ताकद लागते, आणि त्याहूनही अधिक लागतो तो मेळ. एकाने घाई केली तर दुसऱ्याचा हात चिरडावयाचा. म्हणून कोणी तरी जाणता बाजूला उभा राहून इशारा देतो आणि त्या इशाऱ्यासरशी सगळे खांदे एकदम वर होतात. आढे बसले, की वासे बांधणे हे तुलनेने सोपे काम. बांबू चिरून विणलेले कूड हीच घराची भिंत. तिला बायका शेणामातीने लिंपतात. शेवटी छपरावर नळीची कौले चढावयाची. येथे मुलांचे राज्य असते. खालपासून वरपर्यंत हातोहात कौले पोचविण्याची साखळी लागते, आणि तीत आठ वर्षांच्या मुलापासून सर्वांना जागा मिळते. कौल फुटले तर मोठ्यांची बोलणी बसतात. पण त्या दिवशी ती कोणी फारशी मनावर घेत नाही.

इकडे घरच्या चुलीवर सकाळपासून मोठ्या भांड्यात डाळ शिजत असते. यजमानाची ऐपत असली तर बोकड किंवा कोंबडी कापतात. ज्वारीच्या नाही तर मक्याच्या भाकरी थापणाऱ्या बायकांना तर क्षणाची उसंत नसते. त्यांच्या मदतीला शेजारणी येतात, तीही लाहच. पूर्वी सायंकाळी मोहाची दारू वाटणे हा लाहेचा भागच समजला जात असे. या दारूपायी घरे बुडतात, हे पाहून तळोदे तालुक्यातील मोरवडच्या गुलाम महाराजांनी १९३७-३८ च्या सुमारास मोठी चळवळ उभी केली. दारू सोडा, स्वच्छ राहा, एकमेकांना ‘आप’ म्हणून मानाने हाक मारा, असे ते सांगत. हजारो आदिवासी त्यांच्या आरतीला जमत. एकमेकांशी आदराने बोलण्याची शिकवण ज्या समाजाला बाहेरचे लोक ‘अरे-तुरे’ करीत, त्या समाजातूनच निघावी, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

लाहेची परतफेड कशी मोजतात, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. कामास येतो तो घरटी एक. पण एखाद्या घरी चार धट्टेकट्टे मुलगे, तर दुसऱ्या घरी एक विधवा आणि तिची लहान मुले. या घराला त्या घराएवढे देता येणार नाही, हे सर्वांना ठाऊक असते. लाहेत दिवसाला दिवस आणि माणसाला माणूस असा जमाखर्च काटेकोरपणे मांडत नाहीत. ज्याला जेवढे जमेल तेवढे त्याने करावे. मात्र हाक आली असता शक्य असूनही जाऊ नये, हे वाईट. जो कधीच जात नाही, त्याला कोणी दंड करीत नाही. पण त्याचे आढे चढवावयाची वेळ आली म्हणजे मात्र त्याच्या अंगणात माणसे मोजकीच दिसतात.

अशी रीत केवळ सातपुड्यातच आहे असे नाही. देशावरचे शेतकरी एकत्र जमून एकाचे शेत एका दिवसात उरकून देत, त्यास ‘इर्जिक’ म्हणत. कोकणात व मावळात ‘सावड’ होती. पुणे जिल्ह्यातील भीमाशंकरच्या परिसरात महादेव कोळी लोक डोंगरउतारावर भातखाचरे पाडण्यासाठी एकत्र येत, ती ‘पडकई’. सातपुड्यापलीकडे मध्य प्रदेशातील झाबुआचे भिल्ल ‘हलमा’ बोलावतात. थेट दूरच्या फिनलंडमध्येही शेजाऱ्यांनी जमून एकाचे काम करून देण्याची आणि यजमानाने जेवण देण्याची जुनी चाल आहे. जेथे हात थोडे, काम अवघड आणि ऋतू वाट पाहत नाही, तेथे ती आपोआप उगवली असावी. यांपैकी पुष्कळ रीती आता नावापुरत्या उरल्या आहेत. अक्राणीच्या डोंगरांत लाह अजून चालते. मात्र तिलाही पूर्वीसारखे दिवस राहिलेले नाहीत.

डोंगरातील माणसाला रोख पैसा पूर्वी फार थोडा लागे. मीठ, कापड, लोखंडी अवजारे एवढेच काय ते बाजारातून आणावयाचे. त्यासाठी लागणारा पैसा रानातून येई आणि आजही काही अंशी येतो. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले गळू लागली, की घरातील बायका-मुले पहाटेच टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. उन्हे चढण्यापूर्वी आणि गुरे येण्यापूर्वी फुले वेचावयाची असतात. पुढे वैशाखात कच्चे आंबे उतरवून, सोलून, त्यांच्या फोडी खडकांवर व अंगणात वाळत घालतात. हाच धडगावचा आमचूर. या दिवसांत पाड्यापाड्यावर आंबट वास भरून राहिलेला असतो आणि सोलणाऱ्या बायकांची बोटे आंब्याच्या चिकाने काळी पडतात. वाळलेल्या फोडी धडगावच्या व मोलगीच्या बाजारात व्यापाऱ्याच्या काट्यावर जातात. एवढ्या खटाटोपाचे किती पैसे यावयाचे, ते त्या काट्यापाशी व्यापारी ठरवितो.

शाळा, औषधपाणी, लग्नकार्ये, बी-बियाणे यांचे खर्च वाढत गेले, तसा हा पैसा अपुरा पडू लागला. आता दिवाळी झाली, की डोंगरातील पुष्कळ कुटुंबे घरांना कडी लावून ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. कोणी दक्षिण गुजरातेत बारडोलीच्या बाजूस जातात, कोणी इतर कारखान्यांकडे. मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या रकमेला ‘उचल’ म्हणतात. ती फेडण्यासाठी हंगामभर ऊस तोडावयाचा. तेथे नवरा-बायको या जोडीची गणना मिळून एक ‘कोयता’ अशी होते. डोंगरात लाहेला बोलावताना घर मोजतात आणि घरातून माणूस येतो. उसाच्या फडात दोन माणसे मिळून एक हत्यार मोजले जाते. तोडलेल्या उसाचे वजन होते, टनामागे मजुरी ठरते, आणि जो आजारी पडला त्याचा दिवस बुडतो. लहान मुलेही आईबापांबरोबर जातात, त्यामुळे त्यांची शाळा अर्ध्यावरच सुटते.

ऊसतोडीचा हंगाम आणि घरबांधणीचे कोरडे दिवस हे नेमके एकाच वेळी येतात, ही लाहेपुढची खरी अडचण. निरोप घेऊन पोर निघाले, तर चार दारांपैकी दोन बंद. आढे उचलावयास खांदे पुरेनात, म्हणजे तालुक्याहून गवंडी व मजूर आणावे लागतात आणि त्यांना रोख पैसे द्यावे लागतात. त्या पैशांसाठी पुन्हा उचल घ्यावी लागते. सागाचे लाकूड मिळणेही पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. सरकारी घरकुलाच्या विटा-सिमेंटाच्या भिंतींना गवंड्याचा हात लागतो. तेथे वीस माणसांचे काम नसते. ही घरे पक्की असतात आणि कूड दरवर्षी लिंपण्याची दगदग वाचते. ज्यांच्या आईने आयुष्यभर कूड लिंपले त्यांना ती नकोशी वाटतील, असे समजण्याचे कारण नाही.

नर्मदेच्या काठच्या गावांवर तर याहून मोठा प्रसंग आला. नदीवर गुजरातमध्ये सरदार सरोवर धरण बांधण्यात आले. त्याची कोनशिला ५ एप्रिल १९६१ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते बसविण्यात आली होती, आणि पूर्ण उंचीच्या धरणाचे लोकार्पण १७ सप्टेंबर २०१७ रोजी झाले. त्याच्या पाण्याचा फटका महाराष्ट्रातील ३३ गावांना बसला. त्यांत अक्कलकुवा तालुक्यातील ९ आणि अक्राणीतील २४ गावे होती. मणिबेली हे गाव सर्वांत आधी पाण्याच्या तोंडी सापडले. १९९३ च्या पावसाळ्यात तेथील घरांत पाणी शिरले. नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ मध्येच जमीन गमावणाऱ्या कुटुंबास किमान दोन हेक्टर जमीन द्यावी, असे ठरविले होते. ती जमीन पदरात पडण्यासाठी लोकांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. कित्येक कुटुंबे तळोदे तालुक्यातील सोमावलसारख्या वसाहतींत उतरली. पुष्कळांनी डोंगरातील आपली घरे मोडून खांब, तुळया, वासे आणि कौलेसुद्धा बरोबर आणली.

वसाहतीत मात्र आखलेल्या चौकोनी जागा होत्या आणि रस्त्याच्या दोहों बाजूंना घरांच्या रांगा. शेजारी आता हाकेच्या नव्हे, तर हाताच्या अंतरावर आला. पण हा शेजारी कित्येकदा दुसऱ्याच गावचा असे. एका गावची घरे निरनिराळ्या वसाहतींत विभागली गेली होती. ज्याच्या आजोबांनी आपल्या आजोबांचे आढे चढविले, तो वीस-पंचवीस कोसांवर राहिला. आणि जो भिंतीपलीकडे आला, त्याच्याशी अद्याप काहीच देणेघेणे नव्हते. आणलेले खांब उभे करावयाचे, तर कोणाला तरी हाक घालणे भागच होते. अशा ठिकाणी लाह पुन्हा पहिल्यापासून मांडावी लागते: आधी एकाने दुसऱ्याच्या दारी जावयाचे, आणि तो येईल की नाही याची वाट पाहावयाची.

डोंगरातील लोकांनी आपल्या परीने यातून वाट काढली आहे. होळीला बाहेरगावची माणसे शक्य तो घरी परततातच. होळीच्या आधीच्या आठवड्यात भोंगऱ्या बाजार भरतात. अंगावर राखेचे किंवा तांदळाच्या पिठाचे ठिपके, कमरेला घुंगरू व वाळलेले भोपळे आणि डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप अशा वेषात व्रत पाळणारे बुध्ये ढोलावर नाचतात. अक्कलकुवा तालुक्यातील काठी गावाची राजवाडी होळी पहाटे पेटते. ती पाहण्यासाठी दूरदूरच्या पाड्यांवरून माणसे रात्रभर चालत येतात. या गर्दीत सोयरे भेटतात, लग्ने जुळतात, आणि कोणाचे घर कधी उभे करावयाचे याचीही बोलणी होतात. नाचता-नाचता ठरलेली ही बोलणी सहसा मोडत नाहीत.

हंगाम संपवून उरलेले कोयतेही वैशाखात परततात. तेव्हापासून मृगाच्या पहिल्या सरीपर्यंत जेमतेम काही आठवडे हाती असतात. तेवढ्यात गळकी छपरे उतरून कौले चाळावयाची, वाकलेले वासे बदलावयाचे, बांध घालावयाचे आणि पावसाळ्याचे सरपण भरावयाचे असते. एकट्याने हे होत नाही, आणि मजुरीने करून घेण्यास उसाचे पैसे पुरत नाहीत. मग लाहेचा निरोप सुटतो. आता तो पुष्कळदा भ्रमणध्वनीवरून जातो. डोंगराच्या ज्या अंगाला भ्रमणध्वनीचा आवाज पोचत नाही, त्या पाड्यांवर मात्र अजूनही एखादे पोरच ओढे ओलांडून धावत जाते.